मिलाकाकूंच्या जिल्ह्यात

आमच्याकडे दह्याचे रिकामे डबे साठतात, तसे मिलाकाकूंचे किस्से साठलेत. टाकवत नाहीत आणि एकात एक बसतही नाहीत!

न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला मला नोकरी लागली तेव्हा माझी सई अडीच वर्षांची होती आणि एक शब्दही बोलत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "वाट बघा." वाट बघणं मला कुठलं जमायला? मी इंटरनेटवर अकरा आजार शोधून ठेवले.

सईला सांभाळायला मिळाल्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या, घरीच चार-पाच मुलं सांभाळणाऱ्या मिलाकाकू. सर्बियातल्या शुमादिया जिल्ह्यातल्या. पहिल्याच दिवशी मी त्यांना चार पानी सूचना दिल्या. काकूंनी चष्मा लावून त्या शेवटपर्यंत वाचल्या आणि विचारलं, "यात मूल कुठे आहे?"

*

त्यांच्या भिंतीवर एबीसीडी नव्हती, जिल्ह्याचा नकाशा होता. टेकड्या, प्लमच्या बागा, सात तालुके. मुलं जेवायला बसली की काकू पळीने दाखवायच्या, "हे लापोवो जंक्शन. इथे गाडी बदलायची."

माझा नवरा मंदार खूश. "म्हणजे आमचं मनमाड!" त्याने काकूंना मनमाड सविस्तर समजावलं.

काकू म्हणाल्या, "छान! नक्कल चांगली केलीत."

*

मुलांना झोपवताना इतिहास. रोज तोच, काकूंच्या इंग्लिशमध्ये. "फर्स्ट फॉरेस्ट. देन पिग्ज. देन फाइट. देन किंग. देन कार फॅक्टरी. फिनिश!"

मी चाचरत म्हटलं, "काकू, एवढ्याशा मुलांना मारामारी कशाला?"

"आमचे लोक डुकरं विकायचे. तुर्क छळायचे. मारामारी गाळली तर राजा कुठून आणू?"

"आणि फिनिश?"

काकूंचे यजमान त्याच मोटारींच्या कारखान्यात वीस वर्षं होते. नव्व्याण्णवच्या युद्धात त्यावर बॉम्ब पडले.

"फिनिश म्हणजे न्यू जर्सी," काकू म्हणाल्या आणि सईचं पांघरूण नीट केलं.

*

एकदा सईला सर्दी झाली. घ्यायला गेले तर पोरीच्या पायमोज्यांना दारूचा भपकारा! प्लमची, घरी गाळलेली. काकूंच्या जिल्ह्याचं औषधही तेच आणि पाहुणचारही तोच.

"पोटात नाही, फक्त पायाला," काकू शांतपणे म्हणाल्या. "उरलीय ती तू घे. गरज तुला जास्त आहे."

घरी येऊन मी आधी तिचे पाय धुतले. मग साताऱ्याला सासूबाईंना फोन केला. वाटलं, आता आपली खैर नाही.

त्या म्हणाल्या, "ते असू दे. कानटोपी घातली होती का?"

घातली होती. दोन!

*

सई तीन वर्षांची व्हायला आली तरी गप्पच. शेवटी स्पीच थेरपिस्टची अपॉइंटमेंट घेतली.

बाईंनी चित्रं मांडली. चेंडू. सई गप्प. मांजर. गप्प. केळं. गप्प! बाईंचं पेन फॉर्मकडे वळलं. माझ्या डोळ्यांपुढे अकराच्या अकरा आजार रांगेत उभे राहिले.

मग डुक्कर निघालं.

सईने ते चित्र उचललं. खुर्चीवर चढली. भिंतीवर टेकवलं आणि त्यावर बोट ठेवून खणखणीत आवाजात म्हणाली, "फर्स्ट फॉरेस्ट. देन पिग्ज. देन फाइट. देन किंग. देन कार फॅक्टरी. फिनिश!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. एकदा सईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग फार जपून विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

मी जन्मले नागपुरात, वाढले नागपुरात. पण ओढणीने डोळे पुसता पुसता माझ्या तोंडून गेलं,

"लापोवो जंक्शन!"