पावणेतीन किलोंची शिफारस

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, सिल्वासातल्या एका होतकरू मुलीच्या खांद्यावर पावणेतीन किलोंचं संकट मी स्वतःच्या हातांनी चढवलं, त्याला छानशी बॅग दिली आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्काही मारला. गुन्हा कबूल आहे. आता हकिगत ऐका.

माझं लॅपटॉप विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. त्या दिवशी बोरसेभाऊ काउंटरसमोर दोन हातांत दोन लॅपटॉप घेऊन, डोळे मिटून उभे होते. भाऊ मूळचे धुळ्याकडचे. इथे सुताच्या कारखान्यात पॅकिंगला. सूत ज्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळतात तिला कोन म्हणतात. भरलेला कोन आधी भाऊंच्या हातात येतो, मग काट्यावर जातो. वीस वर्षांत हातच काटा झालाय.

"हा एक-दोनशे," त्यांनी डावा हात हलवला. "हा दोन-सातशे."

कुरिअरच्या काट्यावर मी दोन्ही ठेवून पाहिले. वीस ग्रॅम इकडे-तिकडे. मी टाळ्या वाजवल्या. गिऱ्हाइकाने कला दाखवली की मी हुरळतो, हा माझा जुना आजार.

मग त्यांनी पातळ लॅपटॉपचा भाव विचारला. तो जाड्यापेक्षा थोडा जास्तच होता. भाऊंनी तो असा खाली ठेवला, जणू मी आत हवा भरून विकत होतो.

"निम्मं वजन आन भाव जास्त? शेठ, आमच्याकडे कोन कमी भरला तर पार्टी माल परत पाठवते."

लॅपटॉप हवा होता त्यांच्या मुलीला, मनीषाला. ती डिप्लोमा करून एका मोल्ड बनवणाऱ्या कंपनीत लागली होती. मोल्ड म्हणजे साचा. बादलीचं झाकण, बाटलीचं बूच, सगळं साच्यातून निघतं. तीन महिने कच्ची नोकरी, काम जमलं तर पक्की. लॅपटॉप स्वतःचा आणायचा.

ती शेजारीच उभी होती. मी तिला एकच प्रश्न विचारला, काम काय? ती म्हणाली, डिझाईन. संपलं. हा शब्द ऐकला की माझ्या अंगात येतं. प्रोसेसर म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे फक्त चित्रं काढायला ठेवलेला वेगळा कारागीर, हे माझं आवडतं व्याख्यान मी हातवाऱ्यांसकट दिलं. पातळ लॅपटॉपमध्ये असा कारागीर नसतो, जाड्यात असतो. भाऊंना वजन हवं होतं, मला ताकद विकायची होती. आम्हा दोघांचं इतकं जमलं की पाच मिनिटांत जाडा लॅपटॉप बॅगेत गेला. भाऊ राहतात त्या टोकरखाड्यात त्यांनी अख्ख्या कॉलनीला तो दाखवला, हातात देऊन.

दोन महिन्यांनी मनीषा एकटीच आली. बॅटरी खराब आहे, म्हणाली. मी तपासली. बॅटरी ठणठणीत. पण तो चित्रांचा कारागीर खातो फार. सव्वा तासात बॅटरी साफ.

"मग चार्जर लावून काम कर," मी म्हणालो.

"काका, तिथे लावायला जागा नसते."

कुठल्या ऑफिसात प्लगला जागा नसते, ते मला कळेना. तिने मान खाली घालून सांगितलं की साहेबांनी शेवटची संधी दिली आहे. परवा नव्या साच्याची ट्रायल आहे. परवाही जमलं नाही तर नोकरी पक्की होणार नाही. पप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी एवढ्या हौसेने घेतलेल्या वस्तूबद्दल तक्रार करायची तिची हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी खडोलीला माझं एका कारखान्यात प्रिंटरचं काम होतं. योगायोगाने मनीषाच्या साच्याची ट्रायल तिथल्याच मशीनवर व्हायची होती. सुपरवायझर ओळखीचा, त्याने मशीन दाखवलं. ते पाहून मला घाम फुटला, आणि तो फक्त उकाड्याचा नव्हता. तिथे टेबल नाही, खुर्ची नाही. भिंतीवर मशीनचे दांडगे सॉकेट, त्यांत लॅपटॉपची पिन बसणारच नाही. साचा मशीनवर चढवतात, झाकणं पडायला लागतात, आणि मनीषाने शेजारी उभं राहून झाकण मोजायचं, लॅपटॉपवरच्या ड्रॉइंगशी ताडायचं, कुठे किती घासायचं ते तिथल्या तिथे सांगायचं. डाव्या हातावर लॅपटॉप, उजव्या हातात मापाचं कॅलिपर. सहा-सहा तास. मूळ डिझाईन ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर होतं. हिला फक्त उघडून बघायचं होतं.

"मॅडम हुशार आहे," सुपरवायझर म्हणाला, "लेकिन पिछली बार मी झाकणाचा गॅप विचारला आणि लॅपटॉप झोपून गेला. हातपण थरथरत होता तिचा."

मी थेट दुकानात आलो, डेमोचा पातळ लॅपटॉप पुसला, तिच्या फायली त्यात टाकल्या आणि संध्याकाळी तिला बोलावून दिला. पप्पांना काय सांगू, तिने विचारलं. मी म्हटलं, ट्रायल होईपर्यंत काही नको, पुढचं मी बघतो. असं म्हणायला छान वाटतं.

ट्रायल सकाळी नऊला सुरू झाली, तीनला संपली. झाकणाची एक कड जाड पडत होती, ती मनीषाने मशीनशेजारीच शोधून दाखवली. पार्टीने साचा पास केला. त्याच आठवड्यात तिचं पत्र आलं, नोकरी पक्की. डेमोचा लॅपटॉप मी तिच्याकडेच राहू दिला आणि बदल्यात परत घेतलेला जाडा लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एका गिऱ्हाइकाला दिला. त्याचं टेबल कधी हलत नाही, त्याला तो कारागीर खरंच लागतो, आणि दोघांचं उत्तम चाललंय. त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाला, काम काय, हे नंतर विचारतो. आधी विचारतो, कुठे बसून करणार, की उभं राहून?

राहिले बोरसेभाऊ. ते रविवारी आले, चेहरा सुतकी. मुलगी हातात भलताच लॅपटॉप घेऊन फिरते, हे त्यांनी पाहिलं होतं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी सगळं सांगितलं, मशीन, सॉकेट, थरथरता हात. हात थरथरत होता म्हटल्यावर त्यांनी स्वतःचा पंजा उघडून पाहिला. मग म्हणाले, एकदा मला बी दाखवा. मी तसाच पातळ लॅपटॉप त्यांच्या हातात दिला.

"काम तेवढंच करतो?"

"तिचं काम तेवढंच करतो."

"दिवसभर?"

"दिवसभर."

त्यांनी डोळे मिटले. तळहात वर-खाली केला. आणि एकाएकी अख्खं दुकान दचकेल अशा आवाजात माझ्यावरच खेकसले, "अहो शेठ, तेवढीच लांबी आन वजन कमी, म्हणजे हे बारीक सूत झालं ना, ते महागच असतंय! मग इतके दिवस माझ्या पोरीला सुतळी का विकली?"