बाबूरावच्या बंदुकीचं माप

बंदुकीच्या दुकानात चौतीस वर्षं काढली की किस्से शोधावे लागत नाहीत. गिऱ्हाईक बिघडलेली बंदूक घेऊन येतं, आठ दिवसांनी दुरुस्त झालेली घेऊन जातं, पण येताना आणलेला किस्सा माझ्याकडंच ठेवून जातं. असे ढीग साठलेत. नातू म्हणाला, "आजोबा, लिहून काढा ना." काढतोय. मी चौथी नापास. ज्याला शुद्धलेखन तपासायचंय त्यानं दुसरीकडं जावं.

आमची चौघांची टोळी. मी मिस्त्री, राहायला मीरा रोडला, पूनम सागरमध्ये तळमजल्यावर. दुसरा चेण्याचा बाबूराव. डोंगराला लागून त्याची भातशेती, आजोबाच्या वेळची ठासणीची बंदूक, आणि पीक राखायचं लायसन्स. रानडुकरं उतरली की हा गोळी न घालता नुसता बार काढतो, डुकरं पळतात. तिसरा उत्तनचा डॉमनिक, मच्छीमार. चौथा बेव्हर्ली पार्कचा परेशभाई, क्लबात नेमबाजी करतो, घरी काडतुसं भरायची रीतसर परवानगी आहे त्याच्याकडं. दर रविवारी सकाळी बाबूच्या अंगणात आमची बैठक.

ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दर बाराला नळीच्या तोंडातून दारू मोजून ओतायची आणि वरून चिंधी ठासायची. ज्यानं मोजायची ते माप. माप कमी पडलं तर डुकरं ढिम्म हलत नाहीत. जास्त झालं तर जुनी नळी फाटते, आणि नळीच्या मागं बाबूचं तोंड असतं!

यंदा बाबूचं ते माप गेलं. उंदरानं खाल्लं!

*

माप होतं शिंगाचं, त्याच्या बापाच्या हातचं. एका रविवारी आम्ही अंगणात बसलो होतो, बाबू घरातनं तणतणत बाहेर आला. "मिस्त्री, दारू खराब आलीय. बार निस्ता फुसका निघतो."

मी म्हटलं माप दाखव. काठावरून बोट फिरवलं, तर दातांच्या खुणा!

"दारू खराब न्हाय बाबू, घर खराब आहे तुझं. उंदरानं काठ कुरतडलाय. माप उतरलं."

"मग दीड माप टाकतो ना! त्यात काय?"

माझं डोकंच फिरलं. "दीड कशाचं, गाढवा? उंदरानं किती खाल्लं ते तुला सांगून गेला काय?"

आतून बाबूची बायको, सुगंधा वहिनी ओरडल्या, "भावजी, उंदीर कालच मेला!"

"घे! साक्षीदार पण गेला!"

बाबू हसला नाही. म्हणाला, "मग नवीन माप तूच निवड. तू हां म्हणशील ते डोळे झाकून घेईन."

मी नाही म्हटलं. का, ते सांगतो.

*

डॉमनिकच्या डाव्या हाताला तीनच बोटं आहेत. कुणी विचारलं की तो सांगतो, "दोन शेवंडानं नेली, नांगीत धरून."

"बापरे! केवढा होता?"

"लय मोठा न्हाय. पण बोलत व्हता!"

सगळे हसतात. मी हसत नाही.

पंचवीस एक वर्षं झाली असतील. डॉमनिककडंही त्याच्या बापाची ठासणीची बंदूक होती, बाबूसारखीच. त्याच्या अंगणात त्यानं डाव्या हातानं नळी उभी धरलेली, मी दारू ओततोय. माप माझंच, तांब्याचं. बाबूच्या बापाचं शिंग समोर ठेवून, कानस मारून मारून मी ते बरोबर तेवढंच केलेलं. आणि मी बोलत होतो. दुकानात एक जावई सासूला बरोबर घेऊन बंदूक पसंत करायला आला होता, तो किस्सा. डॉमनिक हसून हसून बेजार. त्या रंगात मी एकदा ओतली. आणि परत ओतली.

किस्सा अर्धाच झाला होता. डॉमनिकनं चिंधी ठासून हसत हसतच बार काढला, डावा हात नळीखाली. नळी फाटली.

त्याला दवाखान्यात पोचवून मी संध्याकाळी जेटीवर गेलो आणि ते माप समुद्रात भिरकावलं. तेव्हापासून मी बंदूक उघडीन, साफ करीन, घोडा बसवीन, पण माप कुणाला देत नाही. तो जावयाचा किस्साही परत कुणाला सांगितला नाही. डॉमनिकनं बंदूक सरकारजमा केली आणि मला त्या गोष्टीवरून एक शब्द बोलला नाही. कानाखाली वाजवली असती तर मी आठ दिवसांत मोकळा झालो असतो. हा दर नाताळाला घरी बोलावून जेवायला घालतो!

*

तर बाबूचं माप. परेशभाई म्हणाला, "काका, टेन्शन मत लो. मेरा सेटअप देखो."

बाबूला घेऊन गेलो बेव्हर्ली पार्कला. टेबलावर परदेशी यंत्र. वर नळकांडं, बाजूला दांडा. दांडा फिरवला की दारू मापात पडते. ती मग डिजिटल काट्यावर ताडून बघायची. आणि काट्याला वारा चालत नाही. पंख्याची झुळूक आली की आकडा पळाला! म्हणून सप्टेंबरच्या उकाड्यात खिडक्या लावून, पंखा बंद करून, बनियनवर परेशभाई श्वास रोखून बसलेला. मीही रोखला. आकडा हळूहळू थांबत आला...

दार उघडून त्याची बायको आली, "आटली गरमी!" म्हणून पंख्याचं बटण दाबलं. आकडा नाचायला लागला.

परेशभाई रडकुंडीला. "अरे, बंध कर!"

बाईंनी टेबलाकडं पाहिलं. "आ कांटो अहीं छे? आ तो मारा डायट माटे लीधो हतो!"

डाएटसाठी घेतलेला आपला काटा उचलून घेऊन गेल्या. त्यावर पपई मोजली.

बाबूला मी तिथंच सांगितलं, हे यंत्र परेशच्या नव्या, बिनधुराच्या दारूसाठी. तुझी काळी दारू प्लॅस्टिकच्या नळकांड्यात घालायचीच नाही. प्लॅस्टिकला अंगची वीज असते, एक ठिणगी पुरते. बाबूनं हात जोडले आणि यंत्रापासून दोन पावलं मागं सरकला, तो थेट सोफ्यावर बसला.

*

मग बाबूनं स्वतःचं डोकं लावलं. खोकल्याच्या औषधाचं झाकण! "त्यावर रेघा हायेत मिस्त्री, कंपनीनं मारलेल्या. कंपनी खोटं बोलंल काय?"

"कंपनीनं खोकला मोजलाय बाबू, बार नाही मोजला."

ऐकतोय कसला. रात्री त्यानं त्यात दारू मोजून बघितली, झाकण तसंच फडताळात ठेवलं. पहाटे त्याला उबळ आली. अंधारात औषध त्याच झाकणात ओतलं आणि घशाखाली! तोंड काळं, जीभ काळी. वहिनी त्याला तशाच रिक्षात घालून डॉक्टरकडं. डॉक्टरनं तपासलं, तोंड धुवायला लावलं, घरी पाठवलं.

मी रविवारी विचारलं, "काय बाबू, खोकला?"

"खोकला गेला रे. पण आता बिडी पेटवायची भीती वाटते!"

*

शेवटी मी म्हटलं, निदान एक धड वस्तू तरी करून घेऊ. भाईंदर पूर्वेला भांड्यांचे कारखाने आहेत, तिथं गाळ्यात लेथ चालवणारा एक खराद्या आहे. शिंगाचा एका बाजूचा काठ उंदराच्या तोंडातून वाचला होता, तेवढी उंची आणि तेवढं तोंड त्याला दाखवलं. म्हटलं, पितळेचं असंच कर. केसभर फरक नको.

चार दिवसांनी गेलो तर काय चमक! तोंड दिसत होतं त्यात. बाबूनं खिशात घातलंसुद्धा. मला मात्र राहवेना. मी दोन्हींत, कुरतडलेल्या जागेच्या खाली सारख्याच उंचीपर्यंत, बारीक मीठ भरून ताडून बघितलं. पितळेचं जास्त!

"का रे? मी काय सांगितलं होतं?"

"काका, बाहेरनं तुम्ही सांगितलं तसंच हाय. आतनं पॉलिश मारली. चमक पाहिजे तर थोडं आतनं जाणारच ना!"

त्या चमकेपायी बाबूचा डोळा गेला असता. ते माप आता वहिनींच्या देव्हाऱ्यात आहे. उदबत्त्या छान उभ्या राहतात त्यात.

*

गेल्या रविवारी बाबूचा धीर सुटला. तीन रात्री डुकरं शेतात उतरत होती, भात ऐन दाण्यावर. अर्धा तुकडा लोळवलेला आम्ही डोळ्यांनी बघितला.

बाजेवर सगळी मापं ओळीनं मांडलेली. कुरतडलेलं शिंग. औषधाचं झाकण. देव्हाऱ्यातनं उठवून आणलेलं पितळेचं. परेशभाईनं बायकोच्या नकळत आणलेला काटा. बाबू माझ्याकडं बघतोय, परेश माझ्याकडं बघतोय. मी चपलेकडं.

"बोल ना मिस्त्री! कंचं घेऊ?"

"मी माप देत नाही."

"मग राहू दे! माझा मी अंदाजानं भरतो!" बाबूनं शिंग उचललं, बंदूक उचलली. मी त्याचं मनगट धरलं. म्हातारे दोघं अंगणात झोंबतोय! वहिनी उंबऱ्यावर तोंडाला पदर लावून उभ्या. "अहो, सोडा ती बंदूक. पीक गेलं तर जाऊ दे!" बाबू सोडेना, मी सोडेना.

डॉमनिक उठला. त्यानं खिशातनं रुमाल काढला, गाठ सोडली, आणि बाजेवर एक वस्तू ठेवली. हिरवट पडलेलं, तांब्याचं. काठावर माझ्या कानशीच्या खुणा.

मी बाबूचं मनगट सोडलं.

"हे... मी समुद्रात टाकलं होतं."

"ओहोटीला टाकलं व्हतंस!" डॉमनिक म्हणाला. "चिखलात पडलं. सकाळला माझी बायको शिंपल्या येचत व्हती, तिला घावलं. इतकी वर्सं जेटीवर येतंस, समुद्राचा टाइम तुला कळत न्हाय!"

कुणी हसलं नाही. मी माप शिंगाशेजारी ठेवलं. उंदीर जिथं पोचला नव्हता तिथं काठाला काठ लागला. मागच्यासारखंच मीठ भरून बघितलं. दाण्याचाही फरक नाही.

"माप बरोबर हाय," डॉमनिक म्हणाला. "पयल्यापासून बरोबर व्हतं."

त्यानं बाबूच्या हातातनं बंदूक घेतली, जमिनीवर टेकवली, आणि नळी डाव्या हातात उभी धरली. तीन बोटांत.

"भर. पण बोलू नको."

मी बाजेवरनं माप उचललं. एक माप भरलं, बोटानं काठ सपाट केला, ओतलं. तेवढ्यात डॉमनिकनं माप माझ्या हातातनं काढून स्वतःच्या खिशात घातलं. चिंधी त्यानंच ठासली. बंदूक जुन्या टायरला बांधली, तोंड मोकळ्या डोंगराकडं. घोड्याला लांब दोरी. आम्ही पाचही जण गोठ्याच्या भिंतीमागं. दोरी बाबूच्या हातात. परेशभाईनं डोळे मिटले. मी मिटले नाहीत.

बाबूनं ओढली.

बार झाला. असा झाला की डोंगरावरनं परत आला. वडावरचे बगळे उठले. मी धावत जाऊन नळीवरनं हात फिरवला, खाली, वर, परत खाली. कुठं चीर नाही. कुठं फुगवटा नाही. बाबूनं वहिनींना चहा टाकायला सांगितलं.

चहा आला. डॉमनिकनं बशीत ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला, आणि बाजेवर माझ्याजवळ सरकला.

"हां. आता बोल, मिस्त्री. त्या जावयाचं पुढं काय झालं?"