उधाणाआधीची तरतूद

नगरपालिकेच्या लेखा विभागात सगळे तिला ‘कात्रीबाई’ म्हणत. अंदाजपत्रक तिच्या टेबलावर आलं की त्यातला फापटपसारा गेलाच म्हणून समजा. लोक तिच्यावर चिडत, पण तिच्या सचोटीबद्दल कुणी ब्र काढत नसे. तिला स्वतःला त्याचाच मोठा अभिमान होता.

त्या वर्षी हवामान बदलासाठी वेगळा निधी आला. त्यातून एक तर धूर-कोळसा कमी करणारं काम करायचं, नाहीतर येणाऱ्या संकटापासून माणसांना वाचवणारं. पैसा एकाच मोठ्या कामापुरता होता. अध्यक्षांना कचेऱ्यांच्या छपरांवर सौर पॅनेल हवे होते. अभियंता म्हणत होता, आधी खाडीच्या तोंडावरचा लोखंडी दरवाजा बदला. भरतीचं पाणी वस्तीत शिरू नये म्हणून तो लावतात आणि तो गंजून खिळखिळा झालाय.

“दरवाजा इतकी वर्षं टिकलाच ना?” अध्यक्ष म्हणाले. “बाई, तुमचं काय मत?”

कात्रीबाईने समोरची फाईल मिटली. तिची सख्खी थोरली बहीण त्याच वस्तीत, अगदी खाडीलगत राहत होती. दरवाजाची बाजू घेतली तर लोक म्हणणार, बहिणीच्या घरासाठी निधी वळवला.

“समिती ठरवेल ते,” ती पुटपुटली. पॅनेलवर शिक्कामोर्तब झालं.

त्या दिवसापासून वारा जरा वाढला की ती बहिणीला फोन लावायची.

“ताई, दरवाजा नीट लागतोय ना?”

“अगं, तू हिशोब बघतेस की हवामान खातं?” ताई हसायची.

मोठ्या उधाणाच्या दिवशी मात्र तिला राहवेना. दुपारची रजा टाकून ती वस्तीत पोचली. काठावर दरवाजावाला दरवाजा वर-खाली करायच्या लोखंडी चाकाला लोंबकळत होता. “बाई, अर्ध्यावरच अडकलाय!” तो ओरडला. “खाली येईना, काय करू?”

ती धावत ताईच्या घरी गेली. पाणी वाजतगाजत येईल असं तिला वाटलं होतं. ते मुकाट्याने आलं, मोरीच्या भोकातून, काळं आणि गार. बघता बघता चपला तरंगू लागल्या. अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले भावजी खाटेवरून नुसते बघत होते. दोघी बहिणींनी त्यांना काखेत धरून कसंबसं जेवणाच्या टेबलावर सरकवलं.

“आज मलाच वाढणार की काय?” भावजी म्हणाले.

पाणी गुडघ्यांवर चढलं. टेबल डगमगू लागलं. दोघींनी दोन्ही बाजूंनी ते घट्ट धरलं. ताईचे दात वाजत होते. एकाएकी तिने विचारलं, “दरवाजाचं ठरलं त्या बैठकीला तू होतीस ना? काय म्हणालीस गं?”

“काहीच नाही.”

ताईने नजर वळवली. कितीतरी वेळ तिघं तशीच होती. पाणी टेबलाच्या फळीला टेकलं आणि तिथेच थांबलं. मग भिंतीवर ओली रेघ सोडून इंचाइंचाने उतरायला लागलं.

पुढच्या बैठकीत कात्रीबाई न विचारताच उभी राहिली. “माझी बहीण त्या वस्तीत राहते, हे आधीच सांगते. हवं तर मला या कामातून काढा. पण दरवाजाचं ऐकून घ्या.” मागून कुणीतरी खवचट हसलं. तिने अडकलेला दरवाजा, मोरीतून वर आलेलं पाणी, टेबलावरचा माणूस, सगळं सांगितलं. शेवटी अध्यक्षांनी निम्मे पॅनेल पुढच्या वर्षावर ढकलले आणि दरवाजा मंजूर केला.

पण नवा दरवाजा बनून यायला वेळ लागणार होता, आणि त्याआधी आणखी एक उधाण होतं. तिने भावजींना दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी आणलं. ताई मात्र हलेना.

“सामान कोण बघणार?” ती म्हणाली. “आणि खरं सांगू का, तुझ्या घरी मला आत्ता यावंसं वाटत नाही.”

कात्रीबाईने तिला मजबूत शिडी नेऊन दिली, माळ्यावर जागा मोकळी करून दिली. ताईने दोन-चारदा चढून दाखवलं. तिचे गुडघे दुखत होते, ते तिने लपवलं, आणि ते कात्रीबाईच्या नजरेतून सुटलं नाही.