एकशेवीस किलोमीटर आणि मध्ये आक्कांचं घर

आमच्या साडूंइतक्या सावकाशीने शर्यतीत उतरणारा गडी अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही; आणि सापडलाच, तर तो वाटेत कुणाकडे तरी जेवायला बसलेला असेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वय अठ्ठावन्न. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेला माग ताळ्यावर आणणारा माणूस. चाळीस मागांच्या खडखडाटातून नेमका कुठला माग कण्हतोय हे त्यांना दारातून ऐकू येतं. शेजारी उभी राहून बायको हाक मारते, ते मात्र ऐकू येत नाही. हे गृहस्थ तीन वर्षांपूर्वी डोंगरी सायकलींच्या शर्यतीत नाव घालून आले. सोलापुरात डोंगर कुठला, असं मी विचारलं. "डोंगर नसंना का, सायकल तर डोंगरी हाय की," ते म्हणाले.

सायकल जुनी घेतली, पण तब्येतीने सजवली. पुढे-मागे मडगार्ड, कॅरिअर, घंटी, कुलूप आणि स्टँड. दुकानदार हात जोडून म्हणत होता, काका, शर्यतीच्या सायकलीला हे काही लावत नाहीत, वजन वाढतं. "वजन मी ओढनार हाय, तू न्हाय," साडू म्हणाले, "आन् स्टँड न्हाय म्हंजे? पावन्याच्या दारात काय आडवी पाडू?" सरावासाठी चढ हवा, तर शहरातला रेल्वेचा पूल त्यांनी निवडला. रोज पहाटे वीस वेळा वर, वीस वेळा खाली. पाचव्या दिवशी वाहतूक पोलिसाने अडवलं आणि आपुलकीने विचारलं, "काका, काय पडलंय का तुमचं?" साडूंनी त्यालाच फेऱ्या मोजायच्या कामाला लावलं. तो बिचारा मोजायचा, आणि मन थाऱ्यावर नसेल त्या दिवशी दोन फेऱ्या कमीच सांगायचा.

हे सगळं कशासाठी, असं एकदा मी जरा चिडूनच विचारलं. साडूंनी ग्रीस लागलेले हात पुसले. मग म्हणाले, "तीस वर्सं माग चालवले, साडूभाऊ. माज्या हातनं गेलेला टॉवेल कुटं कुटं गेला आसंल. पन लेबल मालकाचं. माज्या नावाचा येक तरी कागद पायजे की." शर्यत वेळेत पुरी करणाऱ्याला पदक आणि नावाचं प्रमाणपत्र मिळतं, तोच तो कागद.

आता मुख्य अडचण. पहाटे सहाला सोलापूरच्या वेशीवरून निघायचं, गाडीवाटांनी आणि नाल्यांतून दुधनीच्या बाजूला जायचं आणि संध्याकाळी पाचच्या आत परत यायचं. एकशेवीस किलोमीटर. आणि शर्यत आखणाऱ्यांनी, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, ती वाट बरोबर अर्ध्यावर, दुधनीअलीकडच्या एका खेड्यात साडूंच्या थोरल्या बहिणीच्या, आक्कांच्या, बरोबर दारावरून नेली होती. आई लवकर गेल्यावर आक्कांनीच साडूंना वाढवलं. त्या दारावरून न जेवता पुढे जाणं साडूंच्या धर्मात बसत नाही.

पहिल्या वर्षी त्यांनी सायकल रीतसर स्टँडवर लावली, कुलूप घातलं, पाय धुतले आणि पाटावर बसले. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर शेंगापोळी. तासाभराने शर्यतवाल्यांचा एक स्वयंसेवक त्यांना शोधत आला. आक्कांनी त्यालाही बसवलं. त्याला शोधायला दुसरा आला, तोही जेवला. दुसऱ्या वर्षी साडूंनी शपथ घेतली, फक्त ताक. ताक उभ्यानेच प्यायले, शब्दाला जागले. मग "जरा पाठ टेकतो" म्हणाले. उठले तेव्हा साडेचार वाजले होते आणि सोलापूर होतं तिथेच, साठ किलोमीटरवर.

तिसऱ्या वर्षी आमच्या मेहुणीबाईंनी निर्वाणीचं सांगितलं, "औंदा जेवून आलात तर सायकल भंगारात." गुडघा दाखवला होता त्या डॉक्टरांनीही ही शेवटची शर्यत म्हणून बजावलं होतं. शिवाय मेहुणीबाईंनी मला रजा टाकायला लावून, स्कूटरवर, आक्कांच्या दारात पहाऱ्याला पाठवलं. साडू थांबलेच, तर मी त्यांना ढकलायचं. जुळे सोलापूरच्या फ्लॅटमधून ऑफिसला जाणारा मी कारकून माणूस, मी कुणाला ढकलणार? पण गेलो.

पोचलो तर आक्का ओट्यावर बसलेल्या. शेजारी झाकलेलं ताट. म्हटलं, संपलं. सायकल जाते भंगारात आणि कागदही जातो. दोन्हीकडे ज्वारी उभी होती आणि तिच्यामधल्या वाटेवर अकराच्या सुमाराला धूळ दिसली. धुळीच्या पुढे घंटी वाजत होती. साडूच! आक्का उठल्या. आडवं जायला मला खोचायला पदर नव्हता, म्हणून बाह्या सरसावल्या. तेवढ्यात आक्का पार वाटेच्या मधे गेल्या आणि दोन्ही हात हलवून तिकडच्या कानडी-मराठीत धाकट्या भावावर ओरडायला लागल्या, "होग तम्मा, होग! जा, जा! थांबू नगंस!" साडूंनी मान वर केली नाही. खाली घातलेल्या मानेनेच ते दारावरून गेले. ते रडत होते की घाम होता, ते मला दिसलं नाही.

मग आक्कांनी ते ताट माझ्यापुढे सरकवलं. "जेवा पावनं. दोन वर्सं माज्या भाकरीनं त्याचं पदक खाल्लं." मी म्हटलं, तुम्हीही बसा. "तो पोचल्याबिगर न्हाय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसल्या. मी मात्र जेवलो. खोटं कशाला सांगू, दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि स्कूटरने वेशीवर परतलो.

पाचला अकरा मिनिटं कमी असताना साडू वेशीवर पोचले. मेहुणीबाई रडत होत्या, मीही काही कोरडा नव्हतो. साडूंनी आधी सायकल स्टँडवर लावली, मग खाली बसले. पहिलाच प्रश्न, "आक्का काय म्हनत व्हती? घंटीच्या नादात कळलं न्हाय. लई रागावली आसंल न्हवं?"

"जा म्हणाल्या," मी म्हटलं. "थांबू नकोस म्हणाल्या."

"जेव म्हनली न्हाय?"

"नाही. ताट मी जेवलो."

साडू बसल्या जागेवरून अर्धवट उठले. "आन् ती?"

"तुम्ही पोचल्याचं कळेपर्यंत जेवणार नव्हत्या."

साडूंनी माझ्या खिशातला फोन जवळजवळ ओढूनच घेतला. "आक्का, पोचलो गं. आता जेव... न्हाय, आदी जेव, मग बोलू... बरं, मी हाय फोनवर, तू वाढून घे... काय केलंयस?"

तेवढ्यात तिकडे ध्वनिक्षेपकावर त्यांचं नाव पुकारलं. संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. दुसऱ्यांदा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं. साडू पाठ फिरवून, एका कानात बोट घालून, "कडक हाय का मऊ? भिजवून खा की आमटीत," असं सांगत होते. शेवटी मीच पुढे जाऊन तो कागद घेतला, आणि आक्कांचं जेवण होईपर्यंत तो दोन्ही हातांत धरून त्यांच्या मागे उभा राहिलो.