अर्धी पाटी

लग्नाला चार वर्षं झाली होती, एक लेकरू होतं, आणि नवऱ्याचा माझ्यावर जीव आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं. विचारायचं कुणाला? त्यांना विचारायची रीत नव्हती. सासूला विचारलं असतं तर तिनं मला वेड्यात काढलं असतं. परंड्याकडच्या आमच्या गावात नवरा-बायको चारचौघांत एकमेकांकडं बघतसुद्धा नसत. घरात बोलणं व्हायचं ते म्हशीचं, पाण्याचं, लेकराच्या तापाचं. मग बाईनं जीव मापायचा कशावरनं? मी पाटीवरनं मापला, आणि बारा वर्षं स्वतःला जाळत बसले.

बहात्तरच्या दुष्काळातली ही गोष्ट. विहिरी आटल्या आणि सगळं गाव पाझर तलावाच्या कामावर गेलं. जिनं कधी उंबरा ओलांडला नव्हता तीही आली. काम जोडीनं असायचं. मुकादम जमिनीवर चौकडी आखून द्यायचा आणि तेवढा खड्डा दोघांनी दिवसभरात खणायचा. गड्यानं कुदळीनं माती मोकळी करायची, खोऱ्यानं पाटी भरायची आणि बाईच्या डोक्यावर चढवून द्यायची. बाईनं ती वर भरावावर नेऊन ओतायची. गडी स्वतः डोक्यावर पाटी घेत नसे. कुणी घेतली असती तर बाकीचे काम टाकून हसत बसले असते. संध्याकाळी टेप लावून खड्डा मोजायचे. एकट्या माणसाला कामच मिळत नसे, मुकादम त्याला कुणाशी तरी जोडून द्यायचा.

आमचे मालक माझी पाटी शिगोशीग भरायचे. वर आणखी एक खोरं टाकायचे आणि हातानं दाबायचे. डोक्यावर चढवली की मानेतनं कट्‌ असा आवाज यायचा. खाली फडक्याची चुंबळ असायची, पण चुंबळ तरी काय करणार! शेजारच्या खड्ड्यातला गडी बायकोला दोन खोरी कमी टाकायचा. ती पदर सावरत, हसत चढ चढायची. मी बघायचे आणि मनात कुढायचे. जड झाली का, एवढं एका तोंडानं ह्या माणसाला विचारता येऊ नये? मीही कधी बोलले नाही. जड झालं असं म्हणायचं आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

आणि तरी खोटं कशाला सांगू, मला त्या कामाची ओढ लागली होती. दोन-तीन महिन्यांत आमचा ताल बसला. मी भरावावरनं उतरून येईपर्यंत त्यांचं शेवटचं खोरं पडलेलं असायचं, त्यांना थांबावं लागायचं नाही की मला. पाटी चढवताना त्यांचा मातीनं भरलेला हात माझ्या कानाला लागायचा. ते "हूं" म्हणायचे, मी "हां" म्हणायचे. दिवसाउजेडी हा माणूस माझ्या एवढा जवळ कधी आलाच नव्हता. चार वर्षांच्या संसारात झालं नव्हतं ते त्या धुरळ्यात झालं, मला माझा नवरा आवडायला लागला.

मग मी आजारी पडले. रेशनवर मिळायच्या त्या परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरीनं पोट बिघडलं आणि मी दोन दिवस घोंगडीवर पडून राहिले. तिसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं, तशी दुपारची भाकरी बांधून कामावर गेले. लांबूनच बघितलं तर आमच्या खड्ड्यात दुसरी बाई. खालच्या आळीतली होती. तिचा नवरा बार्शीला हमालीला गेलेला, म्हणून मुकादमानं तिला ह्यांच्याशी जोडून दिलेली. त्यात वावगं काहीच नव्हतं, असं रोज कुणाचं तरी व्हायचं. दिसायला बरी होती. बरी म्हणजे चांगलीच होती.

मी खड्ड्याच्या कडेला येऊन उभी राहिले. दोघांची पाठ माझ्याकडं होती. ह्यांनी तिची पाटी भरली. चार खोरी टाकली आणि थांबले. अर्धी पाटी! ती हलक्या हातानं तिच्या डोक्यावर ठेवली आणि माझ्या कानांनी ऐकलं, हे तिला म्हणाले, "जड झाली का?"

मी भाकरीचं फडकं तिथंच ढेकळावर ठेवलं आणि आल्या पावली माघारी फिरले. घरी येईपर्यंत पायाला काटे टोचत होते की डोळ्याला, काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावर हजर. तिला पुन्हा त्या खड्ड्यात उतरू द्यायची नव्हती. ह्यांनी माझी पाटी भरली, पहिल्यासारखीच शिगोशीग, वर दाबून. मी मुद्दाम चढावर पाटी सांडली. तर म्हणाले, नीट बघून चाल. बस्स, त्या दिवसापासून मी अबोला धरला. लेकराला मध्ये घालून बोलायचे, तुझ्या बापाला सांग पाणी काढलंय म्हणून. लेकराला अजून धड बोलता येत नव्हतं.

पाऊस पडला, काम बंद झालं, तोंडाचा अबोला सुटला. मनाचा सुटला नाही. आणखी दोन लेकरं झाली, सगळं रीतीनं झालं, पण मी ह्यांच्यावर नजर ठेवून असायचे. एकदा हे खालच्या आळीत शेळी बघायला गेले, तर मी दोन दिवस जेवले नाही. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते. संशयानं माणूस थकतं. दिवसभर राबून मी एवढी थकले नाही, जेवढी ह्यांच्या नजरेचा माग काढून थकले.

पुढं गावात सहकारी दूध डेअरी निघाली. आम्ही म्हशी वाढवल्या. रोज सकाळी बाया किटल्या घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. ती खालच्या आळीतली बाईही यायची. मी तिच्यापासून चार बाया सोडून उभी राहायचे, वर्षानुवर्षं. एक दिवस दूध मापणारा उशिरा आला, रांग विस्कटली आणि ती माझ्या शेजारी येऊन बसली. इकडचं तिकडचं बोलत तलावाच्या कामाच्या गोष्टीवर आली आणि हसायला लागली. म्हणाली, तुमच्या मालकांसंगं एक दिवस काम केलं आन् कानाला खडा लावला बाई.

मी विचारलं, का?

तिनं सांगितलं ते असं. ह्यांनी दिवसभर तिला अर्धी पाटी दिली. त्यामुळं खेपा दुप्पट झाल्या. चढ चढून चढून तिच्या पोटऱ्या भरून आल्या आणि एवढं करून खड्डा अपुराच राहिला. संध्याकाळी मुकादम दोघांवर ओरडला.

"म्या म्हणलं, भरून द्या की दादा. तर म्हणले, परक्या बाईचा मला अंदाज न्हाय. आमचीला किती झेपतंय ते मला ठावं हाय. तिला चढ सोसत न्हाय, पाय सुजतेत, म्हणून तिला भरून देतो. तेवढ्याच खेपा कमी."

माझे पाय सुजायचे. मी कुणाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी चुलीपुढं बसून गुपचूप तेल लावायचे. ह्या माणसानं ते बघितलं होतं.

वाटलं होतं, असं काही कळलं तर मी आनंदानं नाचेन. तसलं काही झालं नाही. किटली रिकामी करून घरी आले ती सगळा राग घेऊनच. हे गोठ्यात बादली विसळत होते. मी तोंडाला आलं ते बोलले, पाटीचं, चार खोऱ्यांचं, शेळीचं, न जेवलेल्या दोन दिवसांचं. ते बादली हातात धरून ऐकत राहिले. मग विचारलं, "कंचा दिवस म्हणतीस तू?"

त्यांना तो दिवस आठवतच नव्हता. मी तिथंच शेणात बसले.

दुसऱ्या सकाळी उकिरड्यावरनं शेतात खत न्यायचं होतं. हे खोऱ्यानं पाटी भरायला लागले. चार खोरी टाकली आणि थांबले. म्हणाले, जड होईल, तुझे गुडघे गेलेत. बारा वर्षं ज्या शब्दासाठी जळले तो शब्द आता आला, आणि मला तो नको झाला.

"भरा की," मी म्हणाले. "मी काय परकी हाय?"

त्यांनी पाटी भरली, शिगोशीग, वर हातानं दाबली. मी चुंबळ डोक्यावर ठेवून वाकले. ह्यांनी "हूं" म्हणून पाटी उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर घेतली. खाली चुंबळसुद्धा नव्हती. कट्‌ असा आवाज झाला, तो मी ऐकला. मग हे भर आळीतनं चालायला लागले. मी चुंबळ हातात घेऊन मागं चालले आणि रडत होते. ते रडणं आनंदाचं नव्हतं. एवढं सोपं होतं तर एवढी वर्षं कशात घालवली, ह्याचं होतं.

पारावर बसलेले गडी मोठ्यानं हसले. ह्यांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. पाटी भरलेली होती, मान वळवता येत नव्हती.