तिचे पाय

लोधिवलीच्या त्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलंच नाही. वडिलांच्या ट्रकची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, गंजून कुजली होती, म्हणून केबिन चेपलेली पण चासी धड असलेली दुसरी गाडी मी त्याच्याकडे खोलायला आणली. बोल्ट निघाला की तो त्याचाच नट त्यावर पुन्हा फिरवायचा आणि मगच घासलेटच्या डब्यात टाकायचा. दुपारपर्यंत मी वैतागलो.

“अहो मिस्त्री, भंगार आहे ते. छिन्नीनं तोडा की!”

त्यानं पाना खाली ठेवला.

“भंगार तुमची हाय, शेट. ही पाय देतेय तिला.”

वडिलांची गाडी, त्यामुळे राग आला. आठवड्यानं आमचा ट्रक त्या पायांवर हायवेला लागला. हात करायला मी मागे वळलो, तर मिस्त्रीची माझ्याकडे पाठ होती. त्या दुसऱ्या गाडीच्या जमिनीला टेकलेल्या केबिनचं उघडं दार तो हलकेच लावत होता.