चिमूटताईंचे भोपळ्याचे सहा ट्रे

आमच्या लोकरीच्या गिरणीत मी बॉयलरवर होतो. बॉयलरच्या खोलीला लागून कँटीनचं स्वयंपाकघर. मधलं दार थंडीत कायम उघडं असायचं. माझ्याकडची ऊब तिकडे जायची आणि तिकडचा वास माझ्याकडे यायचा. या देवाणघेवाणीत फायदा माझाच होता. त्या दारातून मी एका बाईचं काम एकवीस वर्षं पाहिलं. ते सांगायला माझ्याहून बरा माणूस हवा होता, पण त्या दारातून पाहणारा मी एकटाच होतो, त्याला काय करणार.

त्यांना सगळे चिमूटताई म्हणत. अंगानं लहानखुऱ्या. मोठ्या पातेल्यात डोकवायचं तर लाकडी खोक्यावर उभं राहावं लागे. मीठ आधी मुठीनं घालत, चाखत, मग चिमटीचिमटीनं वाढवत नेत. तेव्हा त्यांच्याशी बोलायची कुणाची छाती नव्हती.

गिरणीच्या पटांगणात पिवळी पानं उडायला लागली की लाल भोपळे यायचे. मग एका शुक्रवारी ताई भोपळ्याचा पास्ता भाजत. दीडशे माणसं, सहा मोठे ट्रे. प्रत्येक भोपळा त्या कानाशी धरून ठोकत आणि दोन ढीग करत. एका ढिगातले भाजून गर काढायचा, तो लोणी, मैदा आणि दुधाच्या पांढऱ्या सॉसमध्ये घोटायचा. दुसऱ्यातल्या फोडी करून लसणाबरोबर नुसत्या परतायच्या. पास्ता थोडा कच्चाच उतरवायचा, कारण भट्टीत तो उरलेला सॉस पितो. थोडं चीज सॉसमध्ये, थोडं वरून. भट्टीचं दार त्या उघडत नसत, नुसता कान लावत. आतली बुडबुड थांबून कडेला चुरचुर सुरू झाली की म्हणत, "काढा." एकदाही चुकल्या नाहीत. मी बॉयलरचा काटा पाहून काम करणारा माणूस. मला ते पाहताना अंगावर काटा यायचा.

एका वर्षी पावसाळा सरता सरता ताईंना ताप आला. दहा दिवसांनी कामावर आल्या, चेहरा उतरलेला, पण हात तेच. दुसऱ्याच दिवशी मला माझ्या खोलीत करपल्याचा वास आला. धावत गेलो. दुधाचं पातेलं तळाशी लागून धूर निघत होता आणि ताई हातभर अंतरावर पाठ करून कांदा चिरत होत्या.

"ताई, दूध!"

त्यांनी वळून पाहिलं, गॅस बंद केला आणि खोक्यावर बसल्या.

"वास नाही आला मला," त्या म्हणाल्या. "कशाचाच येत नाही. चवही नाही. घरी नणंद म्हणते, बरं झालं, नवऱ्याच्या मोज्यांचा त्रास संपला. मी पण हसले. हसू नको तर काय करू?"

मी करपलेलं पातेलं उचलून मोरीत ठेवलं.

"डॉक्टर म्हणतात, येईल कदाचित. नाहीही यायची. दादा, हे कुणाला सांगू नका. वास न येणारी स्वयंपाकीण कोण ठेवील? या चुलीपुढून उठवलं तर मी कुठे उभी राहू?"

मी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, रोज जेवणाआधी माझ्यासाठी चाखाल का? मी हो म्हणालो.

इथेच माझी चूक झाली. मी जन्माचा भिडस्त. कुणाच्या तोंडावर "बरोबर नाही" म्हणायची वेळ आली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. ताई पळी पुढे करत, मी चाखत असे आणि म्हणत असे, "छान." सूप अळणी होतं, तरी छान. भाजीत मिरपूड दुप्पट, तरी छान. ताई सुटकेचा श्वास टाकत आणि मला वाटे, मी त्यांना आधार देतोय.

तीन आठवड्यांत तक्रारी वरपर्यंत गेल्या. कँटीनचे साहेब नवीन होते, सगळं नियमानं बघणारे. ते स्वयंपाकघरात येऊन उभ्याउभ्याच म्हणाले, "ताई, शुक्रवारी मी लायनीत उभा राहून जेवणार आहे. लोक काय टाकतात तेही पाहणार. हे असंच चालणार असेल, तर सोमवारपासून जेवण बाहेरून येईल. तुम्ही भांड्यांकडे बघा."

तो शुक्रवार भोपळ्याच्या पास्त्याचा होता.

त्या सकाळी मी बॉयलरपेक्षा ताईंकडेच जास्त पाहत होतो. भोपळे ठोकले, चिरले. गर घोटला. पळीच्या पाठीवर बोटानं रेघ ओढून सॉसचा दाटपणा पाहिला. एक पास्ता दातांत धरून तोडला, मधला कच्चा ठिपका बघितला. कान, बोटं, दात, डोळे, सगळं कामाला लावलं होतं. मग चीज किसून सॉसमध्ये विरघळवलं आणि पळी माझ्यापुढे धरली.

मी चाखलं. खारट होतं. चांगलंच खारट.

"छान," मी म्हणालो आणि माझ्या खोलीत आलो.

बॉयलरचा काटा माझ्यासमोर होता. दाब वाढला की तो वाढला म्हणून सांगतो. साहेब आलेत म्हणून कमी दाखवत नाही. मला माझी इतकी लाज वाटली की मी तसाच परत गेलो.

"ताई, खारट झालंय."

त्यांचा हात थांबला. मला वाटलं, आता रडतील किंवा मला हाकलतील.

"तीन आठवडे छान छान ऐकतेय तुमचं," त्या म्हणाल्या. "आणि ताटं परत येताना बघतेय. मला वाटलं, हात गेला माझा. अहो दादा, हात नव्हता गेला, तुमची जीभ खोटी बोलत होती!"

"चुकलं माझं."

"ते मग बघू. किती खारट?"

मला सांगता येईना. खूप? बरंच? ताईंनी चार पेले घेतले, सारखं पाणी भरलं. पहिल्यात एक चिमूट मीठ, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात चार. ढवळले आणि ओळीनं मांडले.

"आता सॉस चाखा. मग हे. खारटपणा कुठल्या पेल्याशी जुळतो तेवढं बोट दाखवा. बोलू नका. तुमच्या बोलण्यावर माझा भरवसा नाही."

मी पेल्यांवरून पुढेमागे गेलो. तिसऱ्यापुढे थांबलो, चौथा चाखला, परत तिसऱ्याकडे आलो. बोट ठेवलं.

"तीन. पाहिजे दोन. पेल्याला दोन चिमटी, हे माझं नेहमीचं माप." त्या खोक्यावरून उतरल्या आणि चीजचा कागद उलटसुलट करून पाहिला. "दुसरीकडचं आलंय हे. यातच मीठ आहे. मी जुन्या मापानं घातलं."

किसताना कागद कुणीच वाचला नव्हता. जेवायला पाऊण तास होता. पुढची पंधरा मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. अडीच भोपळ्यांचा बिनमिठाचा गर बाजूला होता, तो सगळा आत गेला. दुसऱ्या शेगडीवर लोणी-मैदा-दुधाचा नवा सॉस, मिठाचा कणही न घालता, आणि तो जुन्यात मिसळला. राहिलेला पास्ता साध्या पाण्यात उकळला. वरून चीज नाहीच, पावाचा चुरा लोण्यात परतून पसरला. पळी पुन्हा माझ्यापुढे आली. चाखलं, पेले चाखले, बोट दुसऱ्यावर गेलं. त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी नजर काढली नाही. ट्रे भट्टीत गेले आणि त्यांनी दाराला कान लावला.

बारा वाजता साहेब लायनीत उभे राहिले. मी दारातून पाहत होतो. माणसं बसली, आणि कँटीनमधली बडबड हळूहळू बंद पडली. नुसते चमचे वाजत होते. मग सूत विभागातला एक जण ताट घेऊन परत आला, "ताई, कडेचं काही उरलंय का, कुरकुरीत?" त्याच्यामागे आणखी दोघं. सहाही ट्रे रिकामे झाले, कोपरेसुद्धा खरवडले गेले. साहेबांचं ताटही पुसल्यासारखं लख्ख.

ते आत आले. "ताई, हे खाल्ल्यावर सोमवारचं बाहेर सांगायची गरज नाही. काय करताय सोमवारी?"

माझा जीव भांड्यात पडला. ताईंनी नुसतं "सूप" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण त्या हात पुसत म्हणाल्या, "साहेब, एक सांगायचं राहिलंय. मला वास येत नाही आणि चवही कळत नाही. ताप आल्यापासून."

साहेबांनी ट्रेकडे पाहिलं, मग ताईंकडे. "मग हे कसं केलंत?"

ताईंनी सांगितलं. कानानं काय कळतं, बोटानं काय, आणि मीठ तेवढं कशानंच कळत नाही म्हणून पेले. माझं नाव मधे आलं तेव्हा मी बॉयलरकडे जायला निघालो, पण साहेबांनी थांबवलं. त्यांनी एकेक पेला उचलून चाखला, चारही. आणि ते पुन्हा ओळीनं लावून ठेवले.

"हे रोज करायचं," ते म्हणाले. "चाखायला आणखी एक माणूस देतो. स्पष्ट बोलणारा. चूल तुमच्याकडेच राहील."

ते गेल्यावर ताई खोक्यावर बसल्या. मी त्यांच्यासाठी एक वाटी बाजूला ठेवली होती. त्यांनी घास घेतला आणि डोळे मिटले.

"चुरा कुरकुरीत आहे," त्या म्हणाल्या. "फोड मऊ. सॉस गरम आहे, दाट आहे, जिभेवर सरकतोय. पुढचं तुम्ही सांगा."

मी सांगत गेलो. आधी भोपळ्याचा गोडवा, मग लोणी, मग मागून हळूच लसूण. एवढं बोलायची मला सवय नाही. त्या प्रत्येक शब्दाबरोबर सावकाश चावत होत्या आणि वाटी संपेपर्यंत मला थांबू दिलं नाही.